वैयक्तिक कारणास्तव

मे महिन्यात आमच्या खोपटात रात्री वेळेवर झोप लागेल तर शपथ! एक तर ठाण्याचा तो घामट उकाडा, आणि त्यातून घराच्या हाकेवर एस.टी.चे आगार. शाळांना सुट्टी लागली की कोकणात निघालेली माणसे तिथे लोटतात. ध्वनिक्षेपकावरचा तो नाकातला आवाज चिपळूण, गुहागर, दापोली अशी नावे पुकारीत राहतो. आणि ज्याला कुठेच जायचे नसते असा माझ्यासारखा माणूस गॅलरीत उभा राहून उगाचच सुटणाऱ्या गाड्या मोजतो.

अशाच एका रात्री, दहाचा सुमार असेल, दारावर टकटक झाली. घंटा असताना दार वाजवणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

“मास्तर, जागा आहेस ना?”

“ये प्रोफेसर,” मी म्हटले.

हे आमचे एकमेकांना हाक मारणे गेल्या वीस-बावीस वर्षांचे. त्याआधी आम्ही एका बाकावर बसत होतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने दप्तरे वागवीत शाळेत जात होतो आणि पावसाळ्यात तलावात पाऊस कसा पडतो ते पाहण्यासाठी शाळेला उशीर करीत होतो. पुढे तो शिकत गेला. मी मॅट्रिकला थांबलो. हल्ली त्या परीक्षेला मॅट्रिक कोणी म्हणत नाही, पण माझे वडील शेवटपर्यंत तोच शब्द वापरीत, म्हणून माझ्याही तोंडी तोच बसला. दहावीनंतर चित्रकलेची पदविका घेऊन मी एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक झालो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. तो अर्थशास्त्रात एम.ए. झाला, पुढची ती नेटची अवघड परीक्षा पास झाला, पीएच.डी. झाला. वरच्या मजल्यावर तो आणि खालच्या मजल्यावर मी, असे आम्ही आता एकाच इमारतीत राहतो. हे वर-खाली असणे नुसते मजल्यापुरतेच आहे असे मी इतकी वर्षे समजत नव्हतो. प्रोफेसर म्हणजे शिकवण्याच्या धंद्यातला वरचा जिना, अशी माझी समजूत होती. कुणी सांगावे, थोडी असूयाही असेल.

त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. “जरा शुद्धलेखन बघ.”

कागदावर प्राचार्यांना उद्देशून लिहिलेले तीन ओळींचे पत्र होते. ‘मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. तरी तो मंजूर व्हावा, ही विनंती.’ खाली तारखेची जागा मोकळी.

“यात शुद्धलेखनाची चूक नाही,” मी म्हटले.

“मग झालं तर.”

“पण हे वैयक्तिक कारण कोणतं? वहिनी बऱ्या आहेत ना? मुलीचं काही?”

“सगळे बरे आहेत. असं लिहायची पद्धत असते.”

एवढे बोलून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी हातातला कागद पुन्हा पुन्हा वाचीत बसलो. वीस वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस तीन ओळींत निघून चालला होता, आणि त्या तीन ओळींत तो स्वतः कुठेच नव्हता.

प्राध्यापकाला कसला आला आहे कंटाळा, असे लोकांना वाटते. आमच्या तळमजल्यावर एस.टी.त वाहक असलेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी एकदा गप्पांच्या ओघात प्रोफेसरला विचारले, की सर, तुम्हाला आठवड्याला तास किती? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचे असते; वरच्या पदांना चौदा. ते ऐकून वाहकसाहेब म्हणाले, “सोळा? सर, ह्या तर माझ्या दोन दिवसांच्या ड्युट्या!” आम्ही सगळे हसलो, प्रोफेसरही हसला. त्याच नियमांत पुढे आठवड्याला एकूण चाळीस तासांचे काम म्हटले आहे, हे सांगायच्या भानगडीत तो पडला नाही. २०१३ साली फेब्रुवारीपासून मेपर्यंत राज्यातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला होता. थकबाकीचा आणि सेवेच्या मान्यतेचा तो प्रश्न होता. त्या वेळी गाडीत, नाक्यावर, दुधाच्या रांगेत लोक काय काय बोलत होते ते आम्ही दोघांनी ऐकलेले आहे. तेव्हापासून आपल्या श्रमाविषयी चारचौघांत बोलायचे नाही असे त्याने ठरवून टाकले असावे.

पण मी शेजारी आहे. रात्री अडीच वाजता त्याच्या खोलीतला दिवा मला दिसतो.

सुरुवातीची सहा वर्षे तो तासांवर जगला. ‘तासिका तत्त्व’ असे त्या व्यवस्थेचे भारदस्त नाव आहे. ‘तत्त्व’ हा शब्द तिथे कोणी घातला त्याला माझा नमस्कार! जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. सुट्टीत काही नाही, आजारपणात काही नाही, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही तेही नाही. सकाळी ठाणे, दुपारी कल्याण, संध्याकाळी बदलापूर अशी त्याची तेव्हा लोकलमधून वारी चाले. तो म्हणायचा, “मास्तर, मी अर्थशास्त्र शिकवतो. मागणी-पुरवठ्याचा नियम शिकवायला माझ्याइतका लायक माणूस नाही. मीच त्याचं उदाहरण आहे.” तेव्हा तो थकत होता, पण करपत नव्हता. बदलापूरहून शेवटच्या गाड्यांपैकी एखादीने येऊन रात्री अकरा वाजता मला जागे करी आणि वर्गात कोणत्या पोराने कसला बिनतोड प्रश्न विचारला ते सांगे. २००९ साली तो कायम झाला, तेव्हा आम्ही तलावपाळीवर जाऊन आइस्क्रीम खाल्ले होते.

मग हळूहळू ते प्रश्नांचे सांगणे कमी झाले. त्याच्या बोलण्यात कागद येऊ लागले. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाच्या प्रत्येक कामाला गुण दिले: निबंधाला इतके, चर्चासत्राला इतके. ज्याने आयुष्यभर मुलांना गुण द्यायचे तो आता स्वतःचे गुण मोजीत बसला. पुढे ती गुणांची रीत बदलली, पण मोजायची लागलेली सवय गेली नाही. महाविद्यालयांची पाहणी करून त्यांना श्रेणी देणारी एक परिषद १९९४ पासून बंगळूरला आहे. तिची पाहणी जवळ आली की घरात लग्न असल्यासारखी महाविद्यालयात धांदल उडते, असे तो सांगे. फरक एवढाच, की लग्न एकदा उरकते आणि याच्या तयारीचे कागद वर्षानुवर्षे भरायचे असतात. हे काम त्याच्या गळ्यात पडले, कारण त्याचे इंग्रजी चांगले आणि ‘नाही’ म्हणायची सवय वाईट.

कोणताही कार्यक्रम झाला की त्याची सूचना, हजेरी, अहवाल आणि छायाचित्र हवे. आणि छायाचित्रावर ते पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे काढले त्याचे अक्षांश-रेखांश हवेत. एका पावसाळ्यात त्यांच्याकडे वृक्षारोपण झाले. आकड्यांसह छायाचित्र निघाले, संकेतस्थळावर चढले. रोप ऑगस्टात मेले. “पण पुराव्यात ते अजून हिरवं आहे,” तो म्हणाला. मला हसू आले. त्यालाही आले, पण त्याचे हसू अंमळ लवकर संपले.

एकदा त्याने मला विचारले, “आज मी उपभोक्त्याचं आधिक्य शिकवलं. एकशेवीस पोरांचा वर्ग. मागच्या बाकावरची एक मुलगी एकदम ‘आत्ता कळलं!’ म्हणून मोठ्याने ओरडली. सांग, याचा पुरावा कुठे जोडू?”

मी चित्रकलेचा शिक्षक. मला काय ठाऊक!

२०१७ साल तर सर्वांनाच आठवत असेल. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. उत्तरपत्रिका सुमारे सतरा लाख. निकाल रखडले; राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली; आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. बातमी म्हणून आपण हे वाचले आणि विसरलो. प्रोफेसर त्या जुलैत रोज सकाळी कुठल्या तरी केंद्रावर जाऊन पडद्यासमोर बसे, आणि रात्री डोळ्यांवर ओल्या कापडाच्या घड्या ठेवून पडून राही. उत्तरपत्रिका आता हाताला लागत नाही, असे त्याला फार वाटे. कागदावर पोराने पेन कुठे दाबले, कुठे खोडले, घामाचा ओघळ कुठे पडला, ते बोटांना कळते, असे त्याचे म्हणणे.

त्याच वर्षी नव्या प्राध्यापकांच्या भरतीवर शासनाने बंदी आणली. नंतर ती थोडी थोडी उठली. पण दरम्यान जे निवृत्त झाले त्यांच्या कितीतरी खुर्च्यांवर पुन्हा तासांचीच माणसे बसली. अलीकडे नवे शैक्षणिक धोरण आले. मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचा विषय, मूल्यांचा विषय आणि प्रत्येकाचे श्रेयांक. धोरणात चांगले पुष्कळ असेल, मला त्यातले कळत नाही. मला एवढेच दिसले, की २०२४ च्या जूनपासून वरच्या मजल्यावरचा दिवा अडीचऐवजी तीनपर्यंत जळू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी खाली आल्या. कागदाचे त्यांना ठाऊक होते. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “भावजी, तुम्हाला सांगू? ह्यांचं दूध खाली लागलंय.”

मी पाहतच राहिलो.

“वरनं बघाल तर पांढरं शुभ्र. साय धरलेली. कुणाला काही कळायचं नाही. पण चमचा घालून ढवळलंत, की सगळ्या पातेल्याला करपट वास. मी म्हणून ढवळत नाही. तुम्हीही फार ढवळू नका.”

पुष्कळ दिवसांनी मी या दुखण्याविषयी थोडे वाचले. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्याला नाव दिले. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात तो काम करी. तिथे जीव ओतून राबणारी मंडळी काही काळाने आतून जळून रिकामी होतात, असे त्याला दिसले. तो स्वतःही त्यांतलाच. पुढे क्रिस्टिना मास्लाक या बाईंनी त्याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयीच मन कोरडे होणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे सगळे आपल्या यादीत घेतले. मात्र याला रोग न म्हणता कामाच्या ठिकाणी उद्भवणारी गोष्ट म्हटले. म्हणजे मूळ माणसाच्या शरीरात शोधू नका, तो जिथे राबतो तिथे शोधा, असेच ना? मोठमोठ्या विद्वानांना जे ठरवायला पंचेचाळीस वर्षे लागली, ते वहिनींनी उंबऱ्यावर उभे राहून सांगितले होते. दूध करपते ते दुधाच्या दोषाने नव्हे. आच आणि भांडे यांचाही त्यात हात असतो.

पण त्या रात्री मला यातले काही माहीत नव्हते. मी त्याच्याजवळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि माझ्या मॅट्रिकच्या भांडवलावर त्याला इतिहास सांगू लागलो.

मी म्हटले, “प्रोफेसर, आपल्या महाराष्ट्रात मास्तरकीचा राजीनामा ही काही लहान गोष्ट नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची रत्नागिरीला बदली झाली. १८७९ साली त्यांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली, म्हणून १८८० च्या जानेवारीत पुण्याला न्यू इंग्लिश स्कूल निघालं. टिळक-आगरकरांनी त्या कामात उडी घेतली. पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं, असा त्या संस्थेच्या आजीव सदस्यांचा बाणा. आणि त्याच टिळकांनी १८९० साली तिथून राजीनामा दिला तेव्हा ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं नाही. पानंच्या पानं भरून कारणं दिली. कुठे तत्त्व ढळलं, कोणी ढळवलं, सगळं मांडलं. वाचणारा रागावला तरी चालेल, पण कारण कळल्याशिवाय राहू नये!”

तो ऐकत होता. मग शांतपणे म्हणाला, “त्यांना संस्था सोडून कुठे जायचं ते ठाऊक होतं. केसरी होता, मराठा होता. चिपळूणकरांना शाळा काढायची होती. मला कुठे जायचंय? मला फक्त निघायचंय.”

यावर मला उत्तर सुचले नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील मला आठवला. तोही असाच एका गावच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात बिऱ्हाड हलवीत राहतो. पण त्याला निदान दुसरे गाव तरी होते. आमच्या प्रोफेसरच्या डोक्यावर घराचे कर्ज, मुलगी बारावीत. नोकरी २००५ च्या नोव्हेंबरानंतर लागलेली, तेव्हा जुने निवृत्तिवेतन नाही. स्वेच्छेने निवृत्त व्हायचे म्हटले तर वीस वर्षांची सेवा लागते. ती व्हायला अजून काही वर्षे. हे सगळे गणित त्याने माझ्यापेक्षा चांगले मांडले असणार. मांडूनही तो कागद घेऊन खाली आला होता.

“खरं कारण सांग,” मी म्हटले. “शुद्धलेखन बघायला तू माझ्याकडे आला नाहीस.”

खालून एक गाडी वळण घेऊन निघून गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत तो थांबला.

“परवा रात्री पहिल्या वर्षाचा गठ्ठा संपवायचा होता,” तो म्हणाला. “एकशेवीस. पहिल्या वर्षाचे पेपर आमचे आम्हीच तपासतो. त्याच रात्री वार्षिक अहवालही चढवायचा होता. एकशेतेरा झाले. सात राहिले. पावणेतीन वाजले होते. त्या सातांचं पहिलं पान मी बघितलं. अक्षर बघितलं. आणि गुण दिले. एक्केचाळीस, चव्वेचाळीस, अडतीस… सात आकडे.”

“वाचले नाहीस?”

“नाही.”

थोडा वेळ कोणी बोलले नाही.

“बावीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं रे. बदलापूरहून रात्री अकराला येत होतो तेव्हासुद्धा नाही. आणि मला काय वाटलं सांगू? काहीच वाटलं नाही. सही केली, झोपलो. सकाळी गुणपत्रक दिलं तर कारकून म्हणाले, ‘सर, तुमचं तेवढं वेळेवर असतं.’ बेरीज बरोबर होती. रकाने भरलेले होते. कुणाला कधीच कळणार नाही. तेव्हा मला भीती वाटली.”

ग्रॅहम ग्रीन या इंग्रज लेखकाची १९६० च्या सुमाराची एक कादंबरी आहे. तिच्या नावाचा अर्थच ‘जळून संपलेला रोगी’ असा आहे. तो शब्द कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतला. रोगाची आग विझलेली असते, वेदना उरलेल्या नसतात. पण तोवर बोटे गेलेली असतात. पुढे केव्हातरी मला ही गोष्ट कळली, तेव्हा गॅलरीतले त्याचे ते ‘काहीच वाटलं नाही’ मला पुन्हा ऐकू आले. माझा मित्र थकव्याला भीत नव्हता. आपल्याला आता दुखत नाही, याला तो भ्याला होता.

त्याला धीर द्यायचा म्हणून मी माझी एक गोष्ट सांगितली. खरे तर ती मी कोणालाच सांगितली नव्हती. शाळेच्या शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी बाहेरची कामे शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेच नेमून दिलेली आहेत. अशाच एका निवडणुकीच्या दिवसांत मी घरोघर याद्या घेऊन हिंडत होतो, आणि शाळेत ‘पावसाळ्यातील एक दृश्य’ या विषयावरच्या चाळीस चित्रांचा गठ्ठा पडून होता. एका मधल्या सुट्टीत मी सगळ्यांवर ‘छान’ लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी एका मुलाने आपला कागद वर्गभर फिरवला. त्यावर चित्रच नव्हते. कोऱ्या कागदाखाली माझी सही आणि ‘छान’. वर्ग हसला, मीही हसलो. पण तो मुलगा हसत नव्हता. त्याने तो कागद मुद्दाम कोरा दिला होता. मास्तर बघतात की नाही, ते त्याला पाहायचे होते.

“मग तू नोकरी का सोडली नाहीस?” प्रोफेसरने विचारले.

“घरी सांगायला कारण नव्हतं म्हणून,” मी म्हटले. आणि त्या रात्री पहिल्यांदा तो मोकळेपणाने हसला.

जाताना त्याने कागद माझ्याकडेच ठेवला. “तू कादंबरीकार ना? टिळकांसारखं लिहून दाखव. बघू या.”

मी खरोखरच लिहायला बसलो. तीन रात्री खर्ची घातल्या. तासांवर काढलेली सहा वर्षे लिहिली. मेलेले रोप लिहिले. सोळा तास आणि चाळीस तास लिहिले. पडद्यावरची सतरा लाख उत्तरपत्रिकांची ती वर्षे-दीड वर्षे माणसांना पुरणारी दगदग लिहिली. चार पाने झाली. एकही वाक्य खोटे नव्हते. चौथ्या दिवशी त्याने ती उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, “मास्तर, हे राजीनामापत्र नव्हे, हा दिवाळी अंकातला लेख झाला.”

“यात चूक काय आहे?”

“चूक काही नाही. पण यात ते सात पेपर नाहीत.”

खरेच नव्हते. त्याच्यावरच्या ममतेने म्हणा की लेखकाच्या धूर्तपणाने म्हणा, मी ते गाळले होते. बाकी सगळे कारण जगाचे होते, शासनाचे होते, नियमांचे होते. आणि ते खरेच त्यांचे होते. त्या चार पानांत ‘वैयक्तिक’ म्हणावे असे एकही कारण नव्हते. वैयक्तिक असे जे एकच होते, ते आम्हा दोघांखेरीज कोणाला माहीत नव्हते.

तो खाली बसला. “आणखी एक गोष्ट आहे. आमच्या खोलीत माझ्या शेजारी एक मुलगा बसतो, तासांवरचा. पीएच.डी. आहे. २०२३ साली त्यांचा दर पदवीच्या वर्गाला तासाला नऊशे झाला, म्हणून त्याने आम्हाला पेढे दिले. मी गेलो तर माझी खुर्ची त्याला मिळेल असं तुला वाटतं? ती रिकामी राहील. माझे तास दोघांत वाटतील. त्यातला एक सकाळी ठाणे, दुपारी कल्याण करील.”

“म्हणजे जाऊ नकोस.”

“म्हणजे काय करू ते मला कळत नाही.”

मीही काही सांगितले नाही. आपण अशा वेळी फार लवकर उपदेश करतो. ‘हल्ली नोकऱ्या मिळतात कुठे’ हे आपल्याकडचे हुकमी वाक्य. मी ते गिळले. एवढेच म्हटले, “निकाल लागला?”

“परवा आहे.”

तो उठला. दाराशी क्षणभर थांबला आणि चप्पल घालून वर न जाता खाली उतरला. भर दुपारी कुठे निघाला ते मी विचारले नाही.

पुढचे मला त्याच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कळले. तो परीक्षा विभागात गेला. सात उत्तरपत्रिका परत मागितल्या. असे करायचे तर लेखी अर्ज लागतो, आणि अर्जात कारण लागते. कारकुनांनी नेहमीचे वाक्य सुचवले: ‘नजरचुकीने’. ते न लिहिता प्रोफेसरने लिहिले, ‘या सात उत्तरपत्रिका मी न वाचता गुण दिले आहेत.’ प्राचार्यांनी त्याला बोलावले. बराच वेळ दार बंद होते. आत काय झाले ते त्याने मला सांगितले नाही, आणि त्या दिवशी तो जेवलाही नाही, असे वहिनी म्हणाल्या. पण संध्याकाळी त्याने त्या सातही उत्तरपत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. पाचांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. एकीचे अकरा गुण वाढले. एक मुलगा मात्र नापास होत होता.

“मग त्याचं काय केलंस?” मी विचारले.

“त्याचा पेपर दोनदा वाचला.”

“आणि?”

“मास्तर, तेवढं विचारू नकोस.”

मी विचारले नाही. आजही मला ते ठाऊक नाही. मनातल्या मनात मी कधी त्या मुलाला पास करतो, कधी नापास करतो. आणि दोन्ही वेळा प्रोफेसरचा चेहरा तसाच दिसतो.

अकरा गुण वाढलेल्या त्या मुलीला आपल्या बाबतीत काही घडले हे कधीच समजणार नाही. याचाही पुरावा कुठे जोडता येणार नाही.

यामुळे त्याचा शीण गेला असे मात्र नाही. तसे लिहिले तर वाचकांना बरे वाटेल, पण ते खरे नव्हे. जून उजाडला, नवे वर्ग भरले, पाहणीचे कागद पुन्हा निघाले. वरचा दिवा अजून उशिरापर्यंत असतो. एवढे झाले, की वार्षिक अहवालाचे काम आपल्याला झेपत नाही असे त्याने लेखी कळवले; बावीस वर्षांतले त्याचे हे पहिले ‘नाही’. ते मंजूर झालेले नाही, नामंजूरही झालेले नाही. मधूनमधून तो पुन्हा रात्री खाली येतो, आणि कधी एखाद्या पोराचा प्रश्न सांगतो, कधी काहीच सांगत नाही. वहिनी विचारतात, “भावजी, काय म्हणाले?” मी म्हणतो, “काही नाही, गाड्या मोजल्या.” त्यांना ते पुरते. करपलेल्या दुधावर बायका काय करतात ते मी एकदा त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, “तळ खरवडायचा नाही. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचं, आणि आच कमी करायची.” आच कमी करणे एकट्या प्रोफेसरच्या हातात नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

तो तीन ओळींचा कागद माझ्या रेखाटनांच्या खणात आहे. त्यातल्या ‘वैयक्तिक’ या शब्दाखाली मी त्या रात्री पेन्सिलीने रेघ ओढली होती, ती तशीच आहे. माझी चार पाने दुसऱ्या खणात आहेत.

परवा नवरात्रात तो सकाळी जिन्यात भेटला. पाठीला पिशवी, हातात डबा; लोकल गाठायची घाई.

“मास्तर, तो कागद आहे ना रे?”

“आहे. देऊ?”

तो दोन पायऱ्या उतरला, थांबला.

“नको. असू दे तुझ्याकडेच. तारीख घालू नकोस म्हणजे झालं.”